झाडे उभी, घरे राख

उत्तर कॅलिफोर्नियात फेदर नदीच्या खोल दरीवरून विजेची एक जुनी वाहिनी जाते. कॅरिबू-पलेर्मो हे तिचे नाव; १९२१च्या सुमारास ती सुरू झाली. तिच्या एका मनोऱ्यावर तारेचा भार पेलणारा लोखंडी आकडा होता. खरेदीच्या जुन्या नोंदीत अशा आकड्याची किंमत ५६ सेंट लिहिलेली सापडते. वारा सुटला की तार हलायची, तिच्याबरोबर आकडा हलायचा, आणि लोखंड लोखंडाला घासून तो कणाकणाने झिजायचा. हे जवळजवळ शंभर वर्षे चालले. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, उजाडायच्या बेताला, तो तुटला. १ लाख १५ हजार व्होल्टची तार सुटून मनोऱ्यावर आपटली, वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या वाळक्या झुडपांत पडले आणि पल्गा नावाच्या वस्तीजवळ, कॅम्प क्रीक रोडच्या कडेच्या डोंगरावर आग लागली. अमेरिकेत वणव्याला जवळच्या जागेचे नाव देतात, म्हणून ही आग ‘कॅम्प फायर’ या नावाने नोंदली गेली.

तिथून पॅरडाइज हे गाव दहा-बारा किलोमीटरवर. साडेसहाच्या सुमारास लागलेल्या आगीच्या ठिणग्या आठच्या आत गावात पडू लागल्या होत्या. दिवस मावळेपर्यंत बहुतेक गाव संपले होते. वणवा पूर्ण आटोक्यात यायला २५ नोव्हेंबर उजाडला. तोवर १ लाख ५३ हजार ३३६ एकर जळाले होते आणि १८,८०४ इमारती गेल्या होत्या. त्यांतली सुमारे १४ हजार घरे होती. ८५ माणसे मेली. कॅलिफोर्नियाच्या नोंदलेल्या इतिहासात इतके बळी दुसऱ्या कोणत्याही वणव्याने घेतलेले नाहीत.

एवढ्या आकड्यांवरून कोणालाही वाटेल की गाव गाफील होते. तसे मुळीच नव्हते. वणव्याची तयारी केलेल्या कॅलिफोर्नियातल्या छोट्या गावांची यादी काढली असती तर पॅरडाइजचे नाव वरच्या भागात आले असते. गावाकडे योजना होती, विभागांचे नकाशे होते, रस्ते एकदिशा करण्याचा आराखडा होता. योजनेत नव्हती ती त्या दिवशीसारखी आग.

पॅरडाइज वसले आहे सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीच्या एका लांबट डोंगरधारेवर. पश्चिमेला ब्यूट क्रीकची दरी, पूर्वेला फेदर नदीच्या पश्चिम फाट्याची दरी. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात हा मुलूख पिंजून काढला. शेजारच्या मगेलियाजवळ १८५९ साली ५४ पौंडांचा सोन्याचा गोळा सापडला होता आणि त्याच्या नावाने गावात दरवर्षी उत्सव भरत असे. सोने संपल्यावर सफरचंदाच्या बागा आल्या, आणि मग निवृत्त माणसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मानाने घरे स्वस्त, हवा थंड, अंगणात उंच पाँडेरोसा पाइन. २०१०च्या जनगणनेत लोकसंख्या २६,२१८ होती आणि साधारण दर चौघांतला एक पासष्टी ओलांडलेला. फिरत्या घरांच्या वसाहतीही बऱ्याच होत्या. कुणी प्राणवायूच्या नळकांड्यावर, कुणी चाकांच्या खुर्चीत, कुणाचे गाडी चालवणे डॉक्टरांनी बंद केलेले. धावपळ करून निसटणे ज्यांना सर्वांत अवघड, अशी माणसे निसटायला सर्वांत अवघड जागी येऊन राहिली होती.

मराठी वाचकाच्या मनातला वणवा निराळा असतो. सह्याद्रीत किंवा मेळघाटात फेब्रुवारी ते मे या काळात गवत आणि पाचोळा पेटतो, आग जमिनीलगत सरकते, मोठी झाडे बुंध्याशी काळवंडतात पण बहुधा तग धरतात. वनखाते त्याआधीच जाळरेषा काढून ठेवते. कॅलिफोर्नियाचे ऋतुचक्र याच्या उलटे आहे. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रान सर्वांत जास्त वाळलेले. पहिला पाऊस पडला की धोका संपतो. २०१८ साली नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटला तरी तो पाऊस आलाच नव्हता.

त्यात वारा. शरद ऋतूत नेवाडाच्या उंच पठारावर हवेचा दाब वाढतो आणि तिथली कोरडी हवा सिएराची शिखरे ओलांडून पश्चिमेला उतरू लागते. उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली गेल्याने तापते. हजार मीटर खाली आली की जवळजवळ दहा अंशांनी. तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी घसरते. अशी हवा फेदर नदीच्या अरुंद दरीत शिरली की तिचा वेग वाढतो. दरीच्या तोंडाशी असलेल्या जार्बो गॅपवरून स्थानिक लोक या वाऱ्याला ‘जार्बो वारा’ म्हणतात. त्या पहाटे तिथल्या हवामान केंद्राने ताशी ८० किलोमीटरच्या वर जाणारे झोत नोंदवले. वाऱ्याचा इशारा काही दिवस आधीच दिलेला होता. वीज कंपनी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकने, जिला सगळे पीजी अँड ई म्हणतात, काही भागांचा पुरवठा खबरदारी म्हणून बंद करावा लागेल असे ग्राहकांना कळवलेही होते. तो बंद झाला नाही. शिवाय अशी उच्चदाबाची वाहिनी बंद करण्याचा विचार तेव्हाच्या धोरणात नव्हता.

जार्बो गॅपच्या अग्निशमन ठाण्यातला कॅप्टन मॅट मॅकेन्झी आपली गाडी घेऊन निघाला आणि काही मिनिटांत नदीच्या या तीरावर पोचला. आग पलीकडच्या तीरावर, उंच उतारावर, विजेच्या तारांखाली. तिकडे जाणारा कॅम्प क्रीक रोड म्हणजे कड्याला चिकटलेली अरुंद, खचलेली वाट. अवजड बंब तिच्यावरून नेणे म्हणजे माणसांसकट दरीत घालवणे. त्याने आग लांबूनच पाहिली, ती मोठी होणार हे ओळखले, बिनतारी यंत्रावर तसे कळवले, जादा कुमक मागितली आणि पल्गा रिकामे करायला सांगितले. अशा आगीवर पहिल्या तासात उपयोगी पडते ते विमान. पण त्या वाऱ्यात, डोंगरांच्या मधोमध, विमानांना खाली येऊन फवारा टाकणे शक्य नव्हते.

मग कॉनकाऊ. पल्गा आणि पॅरडाइज यांच्या मधली ही विखुरलेली वस्ती. २००८च्या वणव्यात तिथले बरेच रान जळाले होते आणि दहा वर्षांत त्या जागी झुडपे आणि गवत माजले होते. एकदा जळलेले रान लवकर पुन्हा जळणार नाही अशी समजूत असते. कॉनकाऊने ती खोटी ठरवली. सातच्या सुमारास आग तिथे पोचली. रस्ता बंद झालेल्या काही लोकांनी कॉनकाऊच्या तलावात उड्या घेतल्या आणि नोव्हेंबरच्या गारठ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून जीव वाचवला.

एवढ्या कमी वेळात आग इतके अंतर कशी तोडते? ज्वाळांची भिंत पळत येते, असे चित्र सिनेमांनी डोक्यात बसवले आहे. खरे काम ठिणग्यांचे. साल, शंकू, फांद्यांचे तुकडे, घराच्या छपराचे पापुद्रे जळत जळत वर उचलले जातात आणि वाऱ्याबरोबर किलोमीटरभर, कधी अनेक किलोमीटर पुढे पडतात. जिथे पडतात तिथे नवी आग. मूळ आग पोचायच्या आधीच पुढे दहा-वीस ठिकाणी पेटलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, संशोधकांनी अलेक्झांडर मॅरंघिडीस यांच्या नेतृत्वाखाली या दिवसाचा घटनाक्रम मिनिटामिनिटाने जुळवला. वणव्याची मुख्य आघाडी गावापर्यंत पोचायच्या आधीच गावात अनेक ठिकाणी आगी लागल्या होत्या, हे त्यातून स्पष्ट झाले. धूर इतका दाट की सकाळी नऊला मध्यरात्रीसारखा काळोख झाला आणि गाड्यांचे दिवे लावूनही समोरचे दिसेना.

नंतरची हवाई छायाचित्रे पाहिली तर एक विचित्र गोष्ट डोळ्यांत भरते. घरांच्या जागी राखेचे चौकोन आहेत, चिमण्या तेवढ्या उभ्या आहेत आणि त्या चौकोनांच्या भोवती पाइनची झाडे हिरवी! कुठे शेंडा करपलेला, कुठे एकच बाजू तपकिरी झालेली, पण झाड उभे. जंगलाने गाव जाळले म्हणावे तर जंगल शिल्लक कसे?

मोंटानातल्या मिझूला येथील अमेरिकी वनसेवेच्या प्रयोगशाळेत जॅक कोहेन या शास्त्रज्ञाने याच प्रश्नामागे अनेक वर्षे घालवली. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कॅनडाच्या वायव्य प्रदेशात खऱ्या जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून प्रयोग झाले. कोहेनने झाडांपासून १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभारल्या होत्या. शेंड्यांतून धडाडत आलेली प्रचंड आग १० मीटरवरच्या काही भिंतींना लागली. २० आणि ३० मीटरवरच्या भिंती पेटल्याच नाहीत. कारण सोपे आहे. झाडाच्या शेंड्यातली आग एखाद-दुसऱ्या मिनिटात सरते. भिंतीचे लाकूड पेटण्याइतके तापेपर्यंत ती टिकत नाही. घर मात्र तासभर आणि त्याहूनही जास्त वेळ जळते. म्हणून एक पेटलेले घर शेजारच्या घराला जंगलापेक्षा मोठा धोका ठरते.

आणि पहिले घर पेटते ते बहुधा क्षुल्लक जागी. पन्हाळीत साठलेल्या पाइनच्या सुयांत, लाकडी ओट्याखालच्या पाचोळ्यात, भिंतीला टेकलेल्या कुंपणाशी, खिडकीखाली हौसेने लावलेल्या झुडपात. पावसाचे पाणी जशी कौलातली फट शोधते तशी ठिणगी पोटमाळ्याच्या जाळीचे भोक शोधते. आत शिरली की बाहेरून घर शाबूत दिसते आणि आतून पेटलेले असते. पॅरडाइजमधल्या घरांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १९९७च्या आधी बांधलेल्या घरांपैकी फक्त साडेअकरा टक्के वाचली होती, त्यानंतरच्या घरांपैकी साडेअडतीस टक्के. नव्या बांधकामाचा फायदा उघड होता, पण त्याहून बोलका निष्कर्ष दुसरा. घर वाचणे न वाचणे मुख्यतः यावर ठरले की सर्वांत जवळचे जळालेले घर किती अंतरावर होते आणि शंभर मीटरच्या आत किती इमारती जळाल्या. म्हणजे एखाद्याने आपले अंगण कितीही साफ ठेवले तरी शेजाऱ्याच्या पन्हाळीत सुया साठलेल्या असतील, तर त्याची मेहनत वाया जाण्याची शक्यता दाट होती.

आता गावाच्या योजनेकडे. २००८च्या उन्हाळ्यात दोन वणवे पॅरडाइजच्या अंगावर आले होते आणि लोकांना बाहेर काढताना रस्त्यांवर भयंकर कोंडी झाली होती. ब्यूट काउंटीच्या चौकशी मंडळाने त्यावर अहवाल लिहिला, रस्ते अपुरे असल्याचे बजावले. त्यानंतर गावाचे १४ विभाग पाडण्यात आले. कल्पना अशी की आग एका बाजूने येईल. त्या बाजूचे विभाग आधी, मग पुढचे, असे क्रमाक्रमाने गाव रिकामे करायचे. गावातून खाली उतरणारे मुख्य रस्ते चार: स्कायवे, नील रोड, क्लार्क रोड आणि पेंट्झ रोड. एका वेळी सगळे गाव त्या रस्त्यांवर मावणार नाही, हे योजना करणाऱ्यांना ठाऊक होते आणि म्हणूनच तर विभाग पाडले होते. मात्र याच काळात, २०१४मध्ये, गावाच्या मध्यातला स्कायवे चार पदरांवरून दोन पदरी करण्यात आला. त्यालाही कारण होते: पायी चालणाऱ्यांचे अपघात. रोजच्या धोक्यावर काढलेला उपाय दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या धोक्याला पोषक ठरला. नंतर शहाणपण शिकवणाऱ्यांनी यावर बरीच टीका केली. पण रोज रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करणाऱ्या नगरपालिकेला दोष देणे तितके सोपे नाही.

त्या सकाळी आठच्या सुमारास पूर्वेकडच्या विभागांना निघण्याचा आदेश मिळाला. पण ठिणग्या विभाग पाहून पडत नव्हत्या. गावाच्या मध्यात, पश्चिमेला, एकाच वेळी आगी लागल्या. तासा-सव्वातासात सगळ्या गावाला निघायला सांगावे लागले, आणि तोपर्यंत बहुतेक लोक आदेशाची वाट न पाहता रस्त्यावर आलेच होते. इशारा पोचवण्याची व्यवस्था ऐच्छिक होती: ज्यांनी आधी आपला क्रमांक नोंदवला त्यांनाच फोन जाणार. निम्म्याहून जास्त लोकांनी तो नोंदवलेला नव्हता. ज्यांनी नोंदवला त्यांच्यापैकीही अनेकांना फोन गेला नाही किंवा लागला नाही, कारण मोबाइलचे मनोरे जळू लागले होते. परिसरातल्या प्रत्येक फोनवर आपोआप कर्कश आवाज करणारा सरकारी संदेश पाठवण्याची सोय देशात होती, ती वापरलीच गेली नाही. गावात भोंगा नव्हता.

पेंट्झ रोडवर आग आली, क्लार्क रोडवर आली, आणि गाड्यांचा लोंढा स्कायवेकडे वळला. स्कायवेच्या सगळ्या पदरांवरून फक्त खाली, चिको शहराच्या दिशेने वाहतूक सोडण्यात आली; हा योजनेतला भाग ठरल्याप्रमाणे पार पडला आणि त्याने हजारोंचे प्राण वाचवले. तरीही रांग तासन्तास हलेना. दोन्ही बाजूंची घरे आणि झाडे जळत होती, टायर वितळत होते, इंजिने बंद पडत होती. लोक गाड्या तिथेच टाकून पळाले आणि त्या गाड्यांनी मागच्यांचा रस्ता अडवला. कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन खात्याचा एक बुलडोझर आग रोखायचे सोडून हेच काम करू लागला: पेटत्या गाड्या ढकलत वाट मोकळी करणे.

तोच त्या दिवसाचा मोठा निर्णय होता. सैनिकी शिस्तीत वाढलेल्या या खात्याने आग विझवण्याचे काम जवळजवळ पूर्ण बाजूला ठेवले. घरे वाचवायची नाहीत, माणसे वाचवायची. बंब घेऊन आलेल्यांनी पाण्याचे नळ जोडण्याऐवजी दारे ठोठावली, रांगेतल्या गाड्यांभोवती उभे राहून ज्वाळा थोपवल्या. आणि जिथे रांग हलणारच नाही हे दिसले तिथे त्यांनी योजनेत कुठेही लिहिलेले नव्हते असे काही केले: लोकांना पळण्याऐवजी थांबवले. दुकानासमोरचे मोकळे डांबरी वाहनतळ, चौकातली खडीची जागा, पक्क्या बांधणीचे एखादे औषधांचे दुकान. जिथे जळण्यासारखे काही नाही तिथे शेकडो माणसे गोळा करायची, बंब भोवती उभे करायचे आणि आग वरून जाऊ द्यायची. स्कायवे आणि वॅगस्टाफ रोडच्या चौकाजवळ असाच मोठा जमाव तगून राहिला. जवळ आलेली आग पाहून जागच्या जागी बसून राहणे शरीराला पटत नाही. ते पटवून देणारा गणवेशातला माणूस शेजारी होता म्हणून लोक बसले.

फेदर रिव्हर रुग्णालयात वेगळीच धांदल होती. रुग्णवाहिका पुरेनात तेव्हा परिचारिकांनी रुग्णांना स्वतःच्या गाड्यांत घेतले, शस्त्रक्रिया होऊन काही तासच झालेल्यांनासुद्धा. त्यातली एक रुग्णवाहिका वाटेतच पेटली. आतली मंडळी जवळच्या क्लोई कोर्ट नावाच्या बंद गल्लीतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये शिरली. रुग्णांना जमिनीवर निजवून बाकीच्यांनी छपरावर चढून पन्हाळ्यांतल्या पाइनच्या सुया काढल्या, बागेच्या नळीने भिंती भिजवल्या. घर वाचले आणि माणसेही वाचली. कोहेनने वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट या लोकांनी जीव मुठीत धरून त्या एका घरापुरती अमलात आणली होती. रस्ते बंद झाल्याने काही जण परत रुग्णालयातच आले आणि तिथल्या हेलिकॉप्टर उतरण्याच्या फरसबंद जागेवर उघड्यावर दवाखाना मांडून बसले.

पाँडेरोसा प्राथमिक शाळेच्या बसची गोष्ट आता जगाला ठाऊक आहे. केव्हिन मॅके हा चालक कामावर नवा होता. २२ मुले आणि दोन शिक्षिका, मेरी लडविग आणि ॲबी डेव्हिस, यांना घेऊन तो सुमारे पाच तास त्या कोंडीत होता. बसमध्ये धूर भरला तेव्हा त्याने अंगातला सदरा फाडला. शिक्षिकांनी त्याच्या चिंध्या थोड्याशा पाण्यात भिजवून मुलांच्या तोंडावर धरायला दिल्या. सगळी मुले सुखरूप पोचली. २०२५मध्ये पॉल ग्रीनग्रासने यावर ‘द लॉस्ट बस’ हा चित्रपट केला.

वाचलेल्यांच्या गोष्टी सांगायला माणसे उरतात. मेलेल्यांपैकी बहुसंख्य पासष्टीच्या पुढचे होते आणि त्यांतले बरेच जण आपल्या घरात किंवा दाराशी सापडले. काहींना इशारा मिळाला नाही, काहींना मिळाला पण नेणारे कोणी नव्हते. ‘सापडले’ हा शब्दही इथे फार वाटेल. आग इतकी प्रखर होती की अनेक ठिकाणी हाडांचे तुकडेच राहिले होते, तेही घराच्या राखेत मिसळलेले. चिकोच्या विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ राख चाळायला आले, शोधकुत्री आली, दोन तासांत निष्कर्ष देणारी डीएनए यंत्रे आली आणि वाचलेल्या नातेवाइकांच्या गालाच्या आतले नमुने घेण्यात आले. शेरीफ कोरी होनिया रोज बेपत्तांची यादी जाहीर करत; एका टप्प्यावर तिच्यात हजाराच्या वर नावे होती. अपुरी यादी लपवण्यापेक्षा चुकीची यादी दाखवून लोकांकडून दुरुस्त करून घेतलेली बरी, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर ठरला. आपले नाव यादीत पाहून माणसे फोन करू लागली आणि नावे झपाट्याने कमी झाली. ज्या पावसाची सगळे वाट पाहत होते तो अखेर २१ नोव्हेंबरच्या सुमारास आला, वणवा विझवायला त्याने हातभार लावला आणि राख चिखलात कालवून शोध घेणाऱ्यांचे काम अवघड केले.

घरे जळून गेल्यावर मागे राहिले ते पाणी. पॅरडाइजच्या नळांच्या पाण्यात बेंझिन सापडले, रक्ताचा कर्करोग घडवू शकणारे रसायन. एक वर्ष आधी, २०१७च्या टब्ज वणव्यानंतर, सँटा रोझात हे पहिल्यांदा ध्यानात आले होते. हजारो घरांचे नळ एकदम फुटले की वाहिन्यांमधला दाब शून्यावर येतो. मग त्या बाहेरचा धूर आणि जळके वायू आत ओढून घेतात. प्लॅस्टिकच्या नळ्या तापून स्वतःच विषारी द्रव्ये सोडतात, आणि प्लॅस्टिकमध्ये एकदा मुरलेले बेंझिन पुढे कित्येक दिवस थोडे थोडे पाण्यात उतरत राहते. पाणी उकळून उपयोग नाही. उकळले तर ते वाफेबरोबर घरातल्या हवेत येते. उभ्या राहिलेल्या थोड्या घरांतले लोकही अनेक महिने बाटलीतल्या पाण्यावर राहिले.

पीजी अँड ईने जानेवारी २०१९मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जून २०२०मध्ये ब्यूट काउंटीच्या न्यायालयात कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ आरोप आणि बेकायदा आग लावल्याचा एक आरोप कबूल केला. न्यायाधीशांनी एकेका मृताचे नाव वाचले, पडद्यावर त्याचे छायाचित्र आले आणि प्रत्येक नावाला कंपनीचे प्रमुख बिल जॉन्सन यांनी गुन्हा कबूल असल्याचे सांगितले. दंड सुमारे ३५ लाख डॉलर झाला, कायद्यात तेवढीच तरतूद होती. कंपनी कितीही मोठी असली तरी तिला तुरुंगात टाकता येत नाही. वणवाग्रस्तांच्या भरपाईसाठी साडेतेरा अब्ज डॉलरचा वेगळा करार झाला. त्यातला मोठा भाग कंपनीच्याच समभागांत असल्याने, घर गमावलेल्यांची भरपाई घर घालवणाऱ्या कंपनीच्या बाजारभावावर टांगली गेली. दरम्यान कंपनीने वारा सुटताच वीजच बंद करायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१९मध्ये लाखो कॅलिफोर्नियावासी दिवसेंदिवस अंधारात होते.

२०२०च्या जनगणनेत पॅरडाइजची लोकसंख्या ४,७६४ भरली. नंतर ती हळूहळू वाढत दहा हजारांच्या आसपास आली. नव्याने राहायला आलेल्यांत तरुण कुटुंबे लक्षणीय आहेत, कारण जागा स्वस्त मिळाली. गावात आता भोंग्यांचे मनोरे उभे आहेत. विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या आहेत. घराभोवतालच्या पहिल्या पाच फुटांत जळण्यासारखे काही ठेवायचे नाही, असा नियम गावाने केला. राज्यपातळीवर त्याच पट्ट्याच्या नियमावरून गुलाबाची झाडे आणि लाकडी कुंपणे वाचवू पाहणाऱ्यांचा वाद अनेक वर्षे रेंगाळला. निस्टने २०२३मध्ये छोट्या वस्त्यांसाठी मार्गदर्शक अहवाल काढला आणि त्या दिवशी उत्स्फूर्तपणे घडलेल्या आसऱ्याच्या जागा आधीच हेरून, साफ करून ठेवाव्यात अशी शिफारस केली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाईतल्या लहायना गावात शंभराहून जास्त माणसे मेली. तिथे भोंगे होते, पण कोणी वाजवले नाहीत.

पॅरडाइजमध्ये परतलेल्यांची रोजची लढाई सध्या आगीशी नाही, विम्याशी आहे. धातूचे छप्पर, बारीक जाळीचे झरोके, न जळणाऱ्या भिंती, भोवती खडी, असे नियमाबरहुकूम बांधलेले घरसुद्धा अनेक विमा कंपन्यांच्या नकाशात लाल पट्ट्यातच येते, कारण त्यांची गणिते बरीचशी घर पाहून होत नाहीत, परिसर पाहून होतात. मग उरते ती राज्याची अखेरच्या आधाराची योजना, महाग आणि तुटपुंजी. शेजाऱ्याचे घर आपल्याला जाळू शकते ही गोष्ट २०२१च्या अभ्यासाने सिद्ध केली होती. त्यामुळे विमा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आता गावकरी एकेकटे घर न दाखवता सगळी गल्ली, सगळी वसाहत दाखवू पाहत आहेत आणि हप्ता कमी करून मागत आहेत.